नवा जन्म आणि लेकरूपण : मराठी ख्रिस्ती लेखनातील दोन कल्पनांचा विचार

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. परंतु आपल्याला ख्रिस्त खऱ्या अर्थाने भेटला तो त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी आत्मनिवेदनात त्या सांगतात की, मधल्या काळात आपल्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो नव्हता. म्हणजे 'धर्मांतर' आणि 'नवा जन्म' या दोन घटना त्यांच्या दृष्टीने वेगळ्या आहेत. मराठी वाङ्मयाच्या आपल्या इतिहासग्रंथांतून हा भेद सहसा पाळला जात नाही. बाबा पदमनजी, रमाबाई, ना. वा. टिळक, लक्ष्मीबाई टिळक यांच्याविषयी लिहिताना बाप्तिस्म्याची तारीख दिली की विषय संपला, असे आपण मानतो. या लेखकांच्या अंतःकरणात ज्याला खरे महत्त्व होते ते त्या तारखेत सापडेलच असे नाही. म्हणून 'नवा जन्म' आणि त्याच्याशी जोडलेली 'लेकरासारखे होणे' ही कल्पना, या दोहोंचा मूळ अर्थ काय, मराठीत येताना त्यांना कोणत्या अडचणी आल्या आणि या लेखकांनी त्यांचे काय केले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

नव्या जन्माची कल्पना मुख्यतः योहानकृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातील संवादात येते. निकदेम हा परूशी पंथाचा, यहुद्यांच्या वरिष्ठ सभेतला वजनदार गृहस्थ. तो येशूकडे रात्रीच्या वेळी येतो. येशू त्याला सांगतो की, असा जन्म झाल्यावाचून देवाचे राज्य कोणाच्या दृष्टीस पडत नाही. त्यासाठी ग्रीक मुळात 'आनोथेन' हे क्रियाविशेषण आहे. त्याचे दोन अर्थ होतात. एक 'पुन्हा' आणि दुसरा 'वरून'. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल हा शब्द पहिल्या अर्थाने वापरतो, तर मार्कच्या शुभवर्तमानात मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला असे सांगताना हाच शब्द दुसऱ्या अर्थाने येतो. निकदेम फक्त 'पुन्हा' एवढेच ऐकतो. म्हातारा झालेला माणूस आईच्या उदरात परत कसा शिरणार, असे तो विचारतो. त्याचा प्रश्न मूर्खपणाचा नाही. तो शब्दाचा एक पदर धरून बसला आहे आणि येशूचे पुढचे सगळे बोलणे दुसऱ्या पदराविषयी आहे. हा जन्म पाण्याने आणि आत्म्याने व्हावयाचा आहे. तो माणसाने घ्यावयाचा नसून त्याला मिळावयाचा आहे, आणि वाऱ्याप्रमाणे तो कोठून येतो हे सांगता येत नाही. 'आत्मा' आणि 'वारा' या दोहोंसाठीही ग्रीकमध्ये 'न्यूमा' हा एकच शब्द आहे.

आता हे मराठीत आणावयाचे म्हणजे काय करावयाचे? 'पुन्हा जन्म' म्हटले की मराठी वाचकाच्या मनात 'पुनर्जन्म' उभा राहतो. पुनर्जन्म ही आपल्याकडे कोणाला वाट पाहावी अशी गोष्ट नव्हे. तो कर्माचा हिशेब आहे, येरझार आहे, आणि तिच्यातून सुटणे हाच पुरुषार्थ आहे. ज्या शुभवर्तमानात सुटकेची बातमी द्यावयाची, तीच येथे बंधनाच्या शब्दात द्यावी लागते. 'आत्मा' या शब्दाची अडचण याहून सूक्ष्म आहे. गीता ज्याच्या कानावरून गेली आहे त्याला आत्मा अज आहे, तो जन्मत नाही आणि मरत नाही, हे ठाऊक असते. त्याला 'आत्म्याचा नवा जन्म' हा शब्दप्रयोग म्हणजे वदतो व्याघातच वाटणार. 'आध्यात्मिक पुनर्जन्म' हा आज सर्रास वापरला जाणारा जोडशब्द या दृष्टीने पाहिला तर त्याचे दोन्ही घटक वाचकाला भलतीकडे नेतात. म्हणूनच मराठी ख्रिस्ती परिभाषेत 'पुनर्जन्म' मागे पडून 'नवा जन्म', 'नव्याने जन्म' हे साधे शब्द रुळले असावेत. 'नवा' या विशेषणात 'वरून' हा अर्थ येत नाही हे खरे, पण 'पुन्हा तेच' हा अर्थ तरी त्याने टळतो. भाषांतरात काही वेळा एवढ्यावरच समाधान मानावे लागते.

तिसरा शब्द आपल्याकडे तयार होता, तो म्हणजे 'द्विज'. दुसऱ्या जन्माची कल्पना परकी नव्हतीच. उपनयनाच्या वेळी आचार्य ब्रह्मचाऱ्याला तीन रात्री आपल्या उदरात धारण करतो, असे अथर्ववेदाच्या अकराव्या कांडातील ब्रह्मचर्यसूक्तात सांगितले आहे. निकदेमाच्या प्रश्नाशेजारी ही प्रतिमा ठेवून पाहिली म्हणजे दोन परंपरांनी एकाच कोड्याला दिलेली उत्तरे दिसतात. परंतु 'द्विज' हा शब्द ख्रिस्ती लेखकांना वापरता आला नाही आणि त्याचे कारण उघड आहे. हा दुसरा जन्म पहिल्या जन्मावरच अवलंबून होता. जो विशिष्ट वर्णात आणि पुरुष म्हणून जन्मला त्यालाच तो खुला. रमाबाई शास्त्र्याच्या घरी जन्मल्या, त्यांनी संस्कृत आत्मसात केले, १८७८ साली कलकत्त्यात त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या, तरी स्त्री म्हणून द्विजत्व त्यांच्या वाट्याला येणे शक्य नव्हते. अहमदनगर जिल्ह्यात ज्या महार आणि मांग कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला त्यांच्याबाबतीत तर बोलावयासच नको. पहिल्या जन्माची अट नसलेला दुसरा जन्म या लोकांना काय वाटला असेल, हे केवळ धर्मशास्त्राच्या अंगाने पाहून कळणार नाही.

लेकरासारखे होण्याची गोष्ट योहानात नाही, ती मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत येते. लोक मुलांना येशूकडे आणत असताना शिष्य त्यांना दटावतात आणि येशू शिष्यांवर रागावतो. देवाचे राज्य अशांचेच आहे आणि जो ते बालकासारखा स्वीकारणार नाही त्याचा तेथे प्रवेश होणार नाही, असे तो सांगतो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात 'वळून' बालकांसारखे होण्याची अट आहे. शिष्य तेथे आपल्यात मोठा कोण याची विचारणा करीत असतात, हे विसरता कामा नये. लूकने आपल्या वृत्तांतात या मुलांसाठी आरंभी जो शब्द वापरला आहे तो तान्ह्या बाळाचा वाचक आहे. तान्ह्या बाळाला निष्पाप म्हणा, गोड म्हणा. येथे ते कारण नाही. त्याच्यापाशी दाखवावयास काही नसते, ना पुण्याई, ना विद्या, ना मान. जे मिळेल ते त्याला घ्यावेच लागते. निकदेमाचा संवाद आणि हा प्रसंग यांचा सांधा येथे जुळतो. ज्याचा नवा जन्म होतो तो लेकरूच असणार, आणि म्हाताऱ्या निकदेमाने आयुष्यभर जमवलेले तेथे उपयोगी पडणार नाही.

अर्थात लेकरूपण म्हणजे बालिशपणा नव्हे. मराठीत 'बालिश', 'पोरकट' हे शब्द एका बाजूला आणि 'बालभाव', 'लेकुरपण' हे दुसऱ्या बाजूला असल्याने हा भेद आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. पौलानेही करिंथकरांस लिहिताना दुष्टपणाच्या बाबतीत बाळे व्हा, पण विचाराने प्रौढ व्हा, अशा आशयाची सूचना केली आहे. तरीही या कल्पनेचा दुरुपयोग होण्याचा धोका मोठा आहे. 'लेकरासारखे व्हा' हा उपदेश देवासमोरच्या स्थितीविषयी आहे. तोच माणसांनी माणसांना करावयास सुरुवात केली की त्याचा अर्थ 'वडीलधाऱ्यांचे ऐका' एवढाच उरतो. एकोणिसाव्या शतकात परदेशी मिशनरी आणि एतद्देशीय ख्रिस्ती यांच्या संबंधात हा धोका फार जवळ होता. नवख्रिस्ती मनुष्य विश्वासात 'बाळ' आहे आणि म्हणून त्याने मिशनच्या मार्गदर्शनाखाली वाढावे, ही भूमिका त्या काळच्या व्यवहारात वारंवार डोकावते. मराठी ख्रिस्ती लेखनातील लेकरूपणाचा विचार या पार्श्वभूमीवर केला म्हणजे त्याला वेगळी धार येते.

या लेखकांजवळ लेकरूपणाची एक देशी जातकुळी होती, ती वारकरी संतांची. ज्ञानदेव श्रोत्यांपुढे स्वतःला बोबडे बोलणारे मूल म्हणवून घेतात. जनाबाई विठ्ठलाकडे लेकुरवाळा म्हणून पाहतात. नामदेवाच्या हातून देवाने नैवेद्य घेतल्याची आख्यायिका तर महाराष्ट्रात घरोघरी सांगितली गेली. या परंपरेतले लेकरू आज्ञाधारक नाही. ते हट्ट करते, रुसते, आईला दोष देते आणि कडेवर घेतल्यावाचून राहत नाही. नामदेवाचा देव दूध पितो तो मुलाने डोके फोडून घेण्याची तयारी दाखवल्यावर. लेकराला आईवर हक्क असतो, या एका गोष्टीभोवती तुकोबांचे कितीतरी अभंग फिरतात. शुभवर्तमानातील बालकाला काहीच हक्क नाही आणि संतांच्या लेकराला सगळा हक्क आहे, असा विरोध कोणी दाखवील. मला तो वरवरचा वाटतो. दोन्हीकडे लेकराने काही कमावलेले नसते. जे आहे ते नात्याच्या जोरावर आहे. फरक आहे तो दुसरीकडे. संतकाव्यात लेकरूपण हा अनेक भावांपैकी एक भाव आहे. भक्त कधी दास होतो, कधी सखा, कधी विरहिणी. शुभवर्तमानात तो दरवाजा आहे आणि त्याला पर्याय दिलेला नाही.

रमाबाईंचा प्रवास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पुण्यात १८८२ साली त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' प्रसिद्ध केले आणि पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना पत्रांतून 'आजीबाई' म्हणत. हे संबोधन प्रेमाचे आहे, आणि त्याच पत्रांमधून चाललेला झगडा पाहिला म्हणजे ते अधिकच बोलके वाटते. हा पत्रव्यवहार १९७७ साली अ. भि. शहा यांनी संपादित करून प्रसिद्ध केला. त्यात रमाबाई त्रैक्याच्या सिद्धांताविषयी शंका काढतात, शाकाहार सोडण्यास नकार देतात, आणि गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असे विचारतात. चेल्टनहॅम येथे त्यांनी मुलग्यांना शिकवावे की नाही यावर हिंदुस्थानातील बिशपांनी आक्षेप घेतला तेव्हा त्यांचा संताप उफाळून आला. आपल्याकडच्या पुरोहितवर्गाचे जू आपण महत्प्रयासाने झुगारले आहे, आता तसलेच दुसरे मानेवर घेण्याची आपली तयारी नाही, असे त्यांनी स्पष्ट कळवले. सिस्टर जेराल्डिन यांना यात अहंकार दिसला. नव्याने जन्मलेल्या लेकराने असे बोलावे, हे त्यांना पटणारे नव्हते. त्यांच्या चिंतेत खोटेपणा होता असे पत्रांवरून वाटत नाही. त्यांच्या मनात लेकरूपणाचा एक अर्थ होता आणि रमाबाई त्या अर्थाने लेकरू होण्यास तयार नव्हत्या, इतकेच.

मग १८९१च्या सुमारास जे घडले ते काय होते? शारदासदन आदल्या वर्षीच्या अखेरीस मुंबईहून पुण्यास आलेले होते. या काळात रमाबाईंच्या वाचनात विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त आले. हॅस्लमची कथा मोठी विलक्षण आहे. दीक्षा घेऊन अनेक वर्षे धर्मोपदेश केल्यानंतर १८५१ साली कॉर्नवॉलमधील आपल्याच चर्चमध्ये, आपल्याच व्यासपीठावर बोलत असताना त्याला नव्या जन्माचा अनुभव आला, आणि श्रोत्यांतून उपदेशकाचेच परिवर्तन झाल्याची आरोळी उठली. म्हणजे बाप्तिस्मा, दीक्षा, अधिकार, विद्वत्ता हे सर्व असूनही माणूस निकदेमाच्या जागी उभा असू शकतो. रमाबाईंना यात आपले चित्र दिसले. बाप्तिस्मा हाच नवा जन्म होय अशी शिकवण त्यांना मिळाली होती. आता त्यांच्या लक्षात आले की आपण हा धर्म अभ्यासाने जिंकला आहे. ग्रंथ वाचले, वाद केले, पटले तेवढे घेतले. ख्रिस्ताला काही न देता त्याच्याकडून घेणे हे मात्र राहून गेले.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. या अनुभवानंतर रमाबाई मवाळ झाल्या, कोणा मिशनच्या छत्राखाली गेल्या, असे घडले नाही. उलट झाले. शारदासदनात त्या आपल्या मुलीबरोबर उघड्या दाराने प्रार्थना करीत आणि इतर मुली त्यात येऊन बसत. यावरून पुण्यात गदारोळ उठला आणि १८९३ साली रानडे, भांडारकर आदींनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. रमाबाईंनी दार लावले नाही. पुढे केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. तेथे पैसा, माणसे आणि दिशा यांबाबतचे निर्णय त्यांचेच होते. ज्या लेकरूपणात त्यांनी प्रवेश केला त्याने त्यांना माणसांसमोर मूल केले नाही. वाँटेजच्या पत्रांतली बंडखोर आणि केडगावची प्रार्थनामग्न बाई या दोन निराळ्या व्यक्ती आहेत, अशा समजुतीने आपले पुष्कळ अभ्यासक पूर्वार्धाशी जवळीक दाखवतात आणि उत्तरार्धापाशी अवघडतात. माझ्या मते जे मन धर्माधिकाऱ्यांना नकार देत होते तेच मन देवासमोर रिकाम्या हातांनी बसले. पहिल्या नकाराने दुसऱ्या गोष्टीला जागा करून दिली, असेही म्हणता येईल.

केडगावला लेकरूपण हे रूपक राहिले नाही. १८९६-९७ आणि १९०० या दुष्काळांत तेथे शेकडो मुली आणि तरुण विधवा आल्या. त्यांतल्या कित्येकींपाशी अंगावरच्या चिंध्यांखेरीज काही नव्हते. १९०५ साली जूनअखेर मुक्तिसदनात प्रार्थनेची जी लाट उसळली तिच्यात रडणे, ओरडणे, अंगाचा दाह होत असल्याची जाणीव असे प्रकार घडले. बाहेरच्या लोकांना तो उन्माद वाटला आणि आजही वाटू शकतो. येथे त्याचा निवाडा करावयाचा नाही. एवढे मात्र दिसते की, सुवार्ता कोणत्या भाषेत सांगावयाची हा प्रश्न रमाबाईंपुढे या मुलींच्या रूपाने उभा होता. त्यांनी बायबलचे भाषांतर हाती घेतले तेव्हा प्रचलित मराठी बायबलातील संस्कृतप्रचुर आणि हिंदू तत्त्वज्ञानाचा वास असलेले शब्द टाळून खेड्यातल्या बाईला समजेल अशी भाषा त्यांनी निवडली. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली आणि खिळे जुळवण्यापासूनची कामे तेथील स्त्रियांनी केली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले.

'सरस्वती' ही पदवी मिळालेल्या विदुषीने संस्कृत बाजूला ठेवावे, याला कोणी भाषिक दारिद्र्य म्हणेल, आणि शैलीच्या कसोटीवर या भाषांतराचे काही भाग रूक्ष आहेत हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आपल्याकडे देवनागरी लिपीला 'बाळबोध' म्हणतात, हे येथे आठवते. मुलांना कळेल ते बाळबोध. बाळबोध लिहिण्यासाठी लिहिणाराला मात्र मूळ भाषांपर्यंत खाली उतरावे लागते. लेकरासारखा विश्वास म्हणजे अज्ञान, हा समज खोडून काढण्यास रमाबाईंची हिब्रूची उजळणी पुरेशी आहे.

रेव्हरंड टिळकांची गोष्ट निराळ्या वळणाची आहे. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली, ही १८९३ मधील घटना प्रसिद्ध आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपल्या वाङ्मयेतिहासात ते 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखले जातात. या बिरुदाने त्यांच्यावर थोडा अन्याय केला आहे. फुलांबरोबर येणारे मूल हे निरागस, निसर्गाच्या कुशीतले, बरेचसे इंग्रजी रोमँटिक काव्यातून आलेले मूल आहे. ते पाहावयाचे मूल आहे. टिळकांच्या अभंगांत आणि भजनांत जे मूल भेटते ते दुसरे. ते पाहिले जात नाही, तेच हाक मारते. तेथे कवी ख्रिस्ताला आई आणि गुरू या दोन्ही नात्यांनी एकत्र साद घालतो आणि आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी आलो, ही त्यांची भूमिका या ठिकाणी शब्दशः खरी ठरते. शुभवर्तमानात देव पिता आहे. मराठी कवीला लेकरू होण्यासाठी माउली हवी होती आणि त्याने ती ख्रिस्तातच पाहिली. परदेशी धर्मशास्त्र्याला यात गोंधळ वाटण्याचा संभव आहे. वारकऱ्याला वाटणार नाही.

आणि हेच टिळक १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतात, साताऱ्यास 'देवाचा दरबार' भरवतात आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही त्यात शिष्य म्हणून जागा देतात. रमाबाईंप्रमाणेच येथेही माउलीचे लेकरू मिशनचे मूल राहण्यास तयार नाही. टिळकांना त्यासाठी उणीपुरी दोनच वर्षे मिळाली. ९ मे १९१९ रोजी ते गेले. मात्र त्यांच्या विचाराचा धागा तुटला नाही. त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला आणि पुढे पुण्यास आश्रम उभारला. इंग्रज आणि मराठी माणसे तेथे एका पंगतीला बसत. थोरल्या-धाकट्याचा प्रश्न कोणत्या ठिकाणी सोडवावयाचा हे विन्स्लो टिळकांकडून शिकले असावेत, असे मानण्यास जागा आहे.

उरल्या लक्ष्मीबाई. नव्या जन्माची ठरीव कथा म्हणजे अंधार, तळमळ, एक क्षण आणि मग प्रकाश. बाबा पदमनजींनी आपल्या आत्मचरित्राला 'अरुणोदय' हे नाव दिले (१८८८) त्यात हीच चौकट आहे, फक्त जन्माऐवजी पहाटेची प्रतिमा आहे. 'स्मृतिचित्रे' या चौकटीत बसत नाही. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे सोवळे सांभाळून राहिल्या, भांडल्या, रडल्या आणि स्वतःच्या फजितीवर हसल्या. मग जातिभेद देवाने केलेला नसून माणसांनी केला आहे, असा विचार एकदा त्यांच्या मनात आला आणि पक्का झाला, आणि शिवाशीव गळून पडली. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. सिद्धांत नाही, ग्रंथ नाही, हॅस्लम नाही. पापाच्या जाणिवेचे मोठे वर्णनही नाही. विल्यम जेम्स यांनी १९०२ साली धार्मिक अनुभवाविषयीच्या आपल्या व्याख्यानांत माणसांचे 'एकदाच जन्मलेले' आणि 'दोनदा जन्मलेले' असे दोन प्रकार सांगितले. काहींचा विश्वास जन्मतःच निरोगी असतो, काहींना तो मोडून पुन्हा बांधावा लागतो. त्या हिशेबाने रमाबाई दुसऱ्या प्रकारातल्या आणि लक्ष्मीबाई पहिल्या. पदव्युत्तर वर्गात 'स्मृतिचित्रे' शिकवताना 'मग त्यांचे परिवर्तन नेमके कोणत्या पानावर होते?' असा प्रश्न विद्यार्थ्यांकडून दर वर्षी येतो. मला त्याचे उत्तर देता आलेले नाही, आणि आता मी ते शोधतही नाही.

कदाचित लक्ष्मीबाईंच्या बाबतीत परिवर्तनाचे स्थान पानात नसून निवेदनाच्या स्वरात शोधावे लागेल. स्वतःची बाजू सावरण्याची गरज न वाटणारा हा स्वर आहे. आपल्या अडाणीपणाच्या, भित्रेपणाच्या, रागाच्या गोष्टी त्या एखाद्या मुलाने खिशातल्या गोट्या काढून दाखवाव्यात तशा वाचकापुढे मांडतात. सोवळ्याच्या काळातही हा स्वर आहे आणि बाप्तिस्म्यानंतरही तोच आहे. दीक्षित होऊन त्या शहाण्या झाल्या, असे त्या कोठे सुचवत नाहीत. त्यांच्या या निर्व्याजपणाचे कौतुक समीक्षकांनी भरपूर केले, पण तो केवळ स्वभावविशेष म्हणून. ख्रिस्ती परिभाषेतले लेकरूपण मराठी गद्यात कोठे उतरले असेल तर ते येथे, असे मला वाटते. नव्या जन्माचा उच्चार जेथे सर्वांत कमी, तेथे तो सर्वांत जास्त दिसतो.

'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई वारल्या. टिळकांनी आरंभलेले 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. त्याची काही थोडीच प्रकरणे त्यांच्या हातून झाली होती; उरलेला फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. 'स्मृतिचित्रे'मुळे हा ग्रंथ झाकला गेला आहे. निकदेमाचा संवाद आणि मुलांना येशूकडे आणण्याचा प्रसंग हे दोन्ही भाग 'ख्रिस्तायना'त, रमाबाईंच्या १९२४च्या बायबलात आणि प्रचलित मराठी बायबलात शेजारी ठेवून शब्दाला शब्द लावून वाचले पाहिजेत. 'आनोथेन'साठी कोणी काय निवडले, 'बालक', 'मूल', 'लेकरू' यांपैकी कोणता शब्द कोणी कोठे वापरला, याची साधी तुलनात्मक सूची केली तरी या लेखात स्थूलपणे मांडलेल्या अनेक गोष्टी तपासून पाहता येतील, आणि त्यांतल्या काही कदाचित बदलाव्याही लागतील.